उतारावरची पारख

"गाडी नाई न् फाडी नाई. मी जित्ती आहो तवर आपल्या दारात मोटर येनार नाई."

एवढं बोलून रुखमाबाईनं कमरेची ओटी सोडली ती इतक्या तिडकीनं, की सकाळपासून वेचलेल्या कापसातला अर्धा कापूस मातीत सांडला. मग तीच खाली बसली आणि एकेक पाकळी उचलून, कचरा झटकून पुन्हा ओटीत भरू लागली. राग आपल्या जागी. पण लक्ष्मी मातीत टाकून उठायचं तिच्या रक्तात नव्हतं.

आश्विनातलं ऊन तापलं होतं. चार दिवसांमागं जाता पाऊस कोसळून गेला होता आणि आता रान आतून वाफ सोडत होतं. काळी जमीन वरून सुकून भेगाळलेली, पण पाय जरा जोरानं पडला की खालचा चिखल घोट्याला धरून ठेवी. बांधावर तिचा एकुलता एक रंगराव उभा होता. पलटणीतली खाकी चड्डी अजून त्याच्या अंगावरून उतरली नव्हती.

"माय, आयकून तं घे."

"आयकलं. पोळ्यापासून तेच आयकून राह्यली. झोपीतबी तुह्या तोंडात गेर न् बिरेकच असते. माह्या सासूनं देव मानला, मी देव मानला, तू मोटर मानून राह्यला."

निंबाच्या सावलीत तंबाखू मळत बसलेला पुंजाजी, म्हणजे तिचा धाकटा दीर, आता बोलला. दोघांचं शेत एकत्र होतं, गाडी घ्यायची तर तीही एकत्रच घ्यायची होती.

"वयनी, पोरगं लढाईतून आलं. तठी बाँब पडत होते, तठी यानं लारी चालोली. अठी काय पडनार हाये याच्यावर? चिंचा?"

"तुमच्या भावावर चिंचाच पडल्या होत्या का, भावजी?"

पुंजाजीची बोटं तंबाखूवरच थांबली.

हे पळसखेड म्हणजे राजूरच्या घाटाखालचं गाव. वर गेलं की बुलढाणा, खाली आलं की मोताळा, आणि पुढं नांदुऱ्याची जिनिंग. घाटाखालच्या गावांची बैल पारखायची रीत निराळी. सपाटीचा माणूस बैल घेतो तो ओढीवर. चाकं बांधून गाडीला जुंपतो आणि किती ओढतो ते पाहतो. घाटाखालचा माणूस बैल घेतो तो थांबण्यावर. भरली गाडी उतारावर घेऊन जायची, गाडी अडवून धरायला मागं बांधलेला ओंडका सोडून द्यायचा, आणि पाहायचं की बैल मागच्या पायावर बसून जू रेटून धरतो की नाही. धरलं तर घ्यायचा. पळाला तर फुकट दिला तरी घ्यायचा नाही. रुखमाबाईचा धनी उकंडराव हे सारं जाणत होता. पण एका बाजारात त्याला एक पांढराशुभ्र, हत्तीसारखा बैल दिसला, आणि जाणता माणूस भुलला. पहिल्याच भरल्या गाडीला घाटात त्या बैलानं पाय उचलले ते उचललेच. गाडी, बैल आणि उकंडराव, तिन्ही खालच्या दरीत सापडले. रंगराव तेव्हा तिच्या कमरेएवढा होता.

त्या दिवसापासून रुखमाबाईला उताराचं भय बसलं. साधं नाल्यात उतरायचं तरी ती आडवी होऊन, एकेक पाऊल टेकत उतरायची.

"बरं, राह्यलं," रंगराव शेवटी म्हणाला. "नाई घ्यायची तं नाई. मंग मी दिवाळी झाली का नागपूरले जातो. तठी लारीवाले ड्रायवर शोधून राह्यले. पत्र धाडत जाईन."

तो हे धमकी म्हणून बोलला असता तर तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या. पण तो अगदी शांतपणे, बैलाला पाणी पाजायला जातो म्हणावं तसं बोलला. म्हणून ते तिच्या काळजात रुतलं. लढाईची ती सालं तिनं दारात बसून काढली होती. खाकी कपड्यातला डाकवाला गल्लीत वळला की तिच्या हातातलं पीठ सांडायचं. आता पुन्हा तेच?

संध्याकाळी मारुतीच्या पारावर कीर्तन होतं. कीर्तन म्हटलं की रुखमाबाई सगळ्या बायांच्या पुढं, टाळी अशी वाजवायची की बुवा तिच्याकडं पाहून ठेका धरायचे. आज मात्र बुवा काय गात होते ते तिला उमजत नव्हतं. गजर चालू झाला, सगळ्यांचे हात वर गेले, तिचेही गेले. पण ओठांवर भलतंच होतं. 'देवा,' ती म्हणत होती, 'माह्या पोराच्या पोटात भीती घाल. लय नको, थोडीशी घाल. पन घाल.'

घरी येऊन तिनं सांगितलं, "चला बुलढान्याले. पन गाडी मी पाहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं घाट चढून पायीच गेली. प्रवाशांची सर्व्हिस मोटर जात होती, पण तिच्यात बसायला रुखमाबाई तयार नव्हती. उकंडराव गेला ते वळण आलं तेव्हा तिनं पदर डोळ्यांवर ओढला आणि पुंजाजीच्या चपलांच्या आवाजामागं चालत राहिली.

बद्रुद्दीन मिस्तरीची जागा बुलढाण्याच्या सडकेला लागून, चिंचेखाली. आधी तो छकड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा. मोटारी आल्या तसा त्यांच्याकडं वळला. लढाई सरल्यावर सरकारनं लिलावात काढलेल्या लष्करी गाड्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या, हा आता त्याचा धंदा. दाढी पिकलेली, बोटं तेलानं काळी. त्याच्या अंगणात दोन गाड्या उभ्या होत्या. एक मोठी, हिरवी, माणसाच्या छातीएवढी चाकं, समोरून पाहिलं तर चाल करून येणाऱ्या रेड्यासारखी. दुसरी बुटकी, पुढं दोघातिघांपुरती बैठक, मागं उघडी फळ्यांची पेटी, आणि रंग म्हणाल तर भिजल्या उंदराचा.

"सलाम, बाई. बसा. पानी घ्या," मिस्तरी म्हणाला. "कोनती दाखू?"

"मोठी," पुंजाजी बसायच्या आधीच बोलला.

"काम काय हाये?"

"काम? गाडी घ्यायचं काम हाये."

"वो तो मालूम हाये, पाटील. गाडीले काम काय हाये, ते इचारून राह्यलो. बैल घ्यायले जाता, तं पयले ठरोता का नाई, वखराले पाह्यजे का गाडीले?"

पदराआड रुखमाबाईचा कान टवकारला. मोटारवाला माणूस बैलाचं बोलतो हे तिला नवीन होतं.

"कापूस न्यायचा," रंगराव म्हणाला. "नांदुऱ्याले. बैलगाडीनं जाता रात जाते, रांगेत दिवस जाते."

"कापूस कवा? दिवाळी ते होळी. मंग बाकीचे म्हयने काय करन हे? दारात उभी राहून हंबरन?"

उत्तर पदराआडून आलं.

"मिरच्या. कांदे. जवारी. मोताळ्याच्या बाजारले बायामानसं. अन् रातीबेरातीची कोनी बाई अडली, तं दवाखान्यात."

"हां," मिस्तरी तिच्याकडं वळून म्हणाला, "अब रस्ता बोलो, बाई. सडकेपासून घर कितीक आत?"

"नाला उतरून, पांदनीनं."

"पांदन काळ्या मातीची?"

"माह्या नशिबासारखी काळी."

"मंग ही मोठी आखाडात पांदनीत घुसली, तं दिवाळीलेच बाहेर निंघन. रिकामी चाललीबी, तरी भरल्याएवढं पेट्रोल पेते. अन् कूपनावर मिळते किती, ते तुमाले मालूम हाये. हत्ती घेनं सोपं, पाटील. चारा घालनं कठीन."

"पन मोठी ते मोठीच," पुंजाजी मिशीवर हात फिरवत म्हणाला. "ते दुसरी गावात नेली तं लोक का म्हनतीन? पुंजाजी गाडी आनाले गेला न् खेकडा घेऊन आला."

"खेकडा चिखलातून निंघते तरी," मिस्तरी म्हणाला.

रंगराव यातलं काहीच ऐकत नव्हता. तो मोठीच्या बानेटवर हात ठेवून उभा होता, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. "अशीच होती माह्यापाशी, मिस्तरी. ब्रह्मदेशात. हिची न् माही ओळख हाये."

रुखमाबाईनं तो हात पाहिला. त्या बाजारात पांढऱ्या बैलाच्या पाठीवर उकंडरावानं असाच हात ठेवला होता, असं पुंजाजीनंच कधीतरी सांगितलं होतं.

"पारख करून घ्या," मिस्तरी म्हणाला. "मले मोताळ्यात सरकीची पोती टाकायची हायेत. मोठीत पोती भरू, रंगराव चालोवन. छोटी घेऊन मी मांगून येतो. खाली जाऊन ठरवा."

"मी बसन मोठीत," रुखमाबाई म्हणाली.

"माय, तू?"

"ज्याच्या भरोशावर माहं लेकरू घाट उतरनार, ते थांबते का नाई, हे मी पाहीन."

ती बोलली खरी. पण हिरव्या गाडीचा तो जाळीचा जबडा तिच्याकडं पाहत होता.

आता पुढं जे झालं त्याला हसू नका. नवा बैल दारात आला की जुंपायच्या आधी घरची बाई त्याला ओवाळते आणि आपल्या हातानं गूळ चारते. गोड खाऊन जो जुवाखाली येतो तो घराला धरून राहतो, असं आपल्याकडं मानतात. रुखमाबाईनं घरून निघतानाच पदराच्या गाठीला गूळ बांधला होता. तिकडं रंगराव आणि मिस्तरी पोती चढवत होते. इकडं ती गाडीच्या तोंडासमोर गुळाचा खडा घेऊन उभी राहिली आणि तिला प्रश्न पडला.

"भावजी, हिनं खायाचं कुठून?"

पुंजाजीनं जन्मात मोटारीला हात लावला नव्हता. पण नुकतंच त्यानं मिस्तरीला पेट्रोल ओतताना पाहिलं होतं. जाणत्याच्या थाटात तो म्हणाला, "हिचं तोंड समोर नसते, वयनी. बाजूले असते. अठून पेते ते." आणि त्यानं टाकीचं झाकण फिरवून काढून दिलं.

रुखमाबाईनं गूळ बारीक चुरला, लेकराला भरवावा तसा चिमटीचिमटीनं आत सोडला, झाकणाला कुंकू लावलं आणि हात जोडले. 'माह्या पोराले सांभाळ व माय.' झाकण परत बसलं. कोणी पाहिलं नाही, आणि कोणाला सांगावं असं दोघांनाही त्यात काही वाटलं नाही.

मिस्तरीनं समोर हँडल मारला. मोठी गाडी गुरगुरली, थरथरली, आणि त्या थरथरण्यात रुखमाबाईचे दातही सामील झाले. पुंजाजी मागं पोत्यांवर चढून बसला, राजा अंबारीत बसावा तसा.

पहिलं वळण बरं गेलं. दुसरंही गेलं. डाव्या अंगाला डोंगर, पावसानं धुतलेला काळा दगड, त्यातून अजून पाणी पाझरत होतं. उजव्या अंगाला सागाचे शेंडे. झाडांचे शेंडे पायाखाली दिसतात म्हणजे जमीन किती खाली असेल, हा विचार तिनं करायचा नाही ठरवलं आणि तोच केला. ओठांत नाव चाललं होतं. विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल. रंगरावाचा चेहरा मात्र खुलला होता. इतक्या महिन्यांत तिनं तो असा पाहिला नव्हता.

"पाह्यलं का, माय? लोन्यावानी चालते."

"पुढं पाह्य. माह्याकडं नको पाहू."

तेवढ्यात गाडी खोकली. दमेकऱ्यासारखी दोनदा खोकली, एक आचका दिला, आणि गप झाली.

रुखमाबाईला आधी वाटलं, थांबली. आवाज बंद झाला म्हणजे गाडी थांबणारच की. पण आवाज नव्हता आणि झाडं मात्र पळत होती. फळ्यांचा खडखडाट, चाकाखाली मुरूम दळल्याचा करकराट, आणि वारा. त्या मुक्या धावण्यासारखं भयंकर तिनं काही ऐकलं नव्हतं.

रंगरावानं गेर काढला, गाडी पुन्हा धरते का पाहिलं. नाही धरली. गेर परत टाकायला गेला, तर आत लोखंडाचे दात एकमेकांवर कराकरा वाजले आणि दांडा हाताला झटका देऊन बाहेर आला. त्याचा पाय बिरेकवर होता. आधी एकदा दाबला, मग दोनदा, मग तो नुसता पाय आपटत राहिला. जळक्या रबराचा वास आला.

"माय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणचा झाला होता. "बिरेक लागून नाई राह्यला."

तिच्या ओठांतलं नाव 'वि' वर अडकलं. पुढचं अक्षर येईना.

"माय, दार उघड. डोंगराच्या अंगाले उडी मार."

"अन् तू?"

"मी येतो मांगून."

"खोटं नको बोलू."

तिनं दार उघडलं नाही. तिनं त्याच्या खाकी चड्डीचा पट्टा मुठीत धरला, बैलाची वेसण धरावी तसा, आणि डोळे मिटले. पुढं वळण होतं. कोणतं वळण ते तिला डोळे मिटूनही माहीत होतं.

मग सगळं डावीकडं कलंडलं. रंगरावानं चाक डोंगराकडं ओढलं होतं. दगड आणि पत्रा असे घासले की कानात खिळे ठोकल्यासारखं झालं. गाडी नालीत उतरली, उडली, पुन्हा आदळली, पोती मागून पुढं येऊन धडकली, आणि मग काहीच नाही.

ओलं गवत आणि पेट्रोल, दोन्हींचा वास. फाटल्या पोत्यातून सरकी झरझर गळत होती, तेवढाच आवाज.

"वयनी," वरून कुठून तरी पुंजाजीचा आवाज आला. "मी मेलो का?"

"बोलून राह्यले ना," ती म्हणाली. तिची मूठ अजून पट्ट्यावरच होती. रंगरावानं एकेक बोट सोडवलं.

मागच्या वळणावरून मिस्तरीची बुटकी गाडी आली. रुखमाबाईनं ते पाहिलं, कारण डोळे उघडल्यावर पहिलं तेच दिसलं. मिस्तरीनं त्यांना पाहिलं, पाय दाबला, आणि त्या भर उतारावर ती गाडी जागच्या जागी थांबली. खाली बसल्या म्हशीसारखी.

मिस्तरी धावत आला. माणसं शाबूत पाहून त्यानं आधी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. मग तो गाडीखाली शिरला. टाकीकडून येणारी नळी सोडली, फुंकली, बोट घातलं, आणि बोटावर आलेला गोळा उन्हात धरून पाहिला. मग हुंगला. मग जिभेला लावला.

"यह क्या? पेट्रोलच्या नळीत गूळ?"

पुंजाजी फुटल्या ओठाला धोतराचा सोगा लावून आभाळ पाहू लागला.

"मी चारला," रुखमाबाई म्हणाली. "नव्या बैलाले चारतो तसा. माह्या हातानं."

मिस्तरीनं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर राग आला, हसू आलं, आणि दोन्ही परत गेले. त्यानं मागच्या चाकापाशी जाऊन हात लावला आणि तिथंच बसला.

"गाडी बंद पडली ते तुमच्या गुळानं, बाई. पन थांबली नाई, ते माह्यानं. बिरेक मी काल पाह्यला होता. सपाटीवर चांगला होता. भरून उतारावर नाई पाह्यला. गेरात राह्यली असती, तं इंजिनानं पकडून आनली असती, कोनाले कळलं नसतं. हा गुनाह माहा."

"म्हंजे," पुंजाजीला एकदम बळ आलं, "गूळ चारला म्हनून तं हिचं दुखनं कळलं."

"पाटील, ते कळाले दोन जीव जात होते."

"तीन. मी मांगं होतो."

या बोलण्यात रंगराव नव्हता. तो सडकेच्या कडेला एका दगडावर बसला होता. हात गुडघ्यांवर, आणि ते हात थरथर कापत होते. त्यानं ते मांड्यांखाली दाबून धरले, तर खांदे कापू लागले. रुखमाबाई जवळ गेली.

"लागलं का रे?"

"नाई." त्यानं मान हलवली. "माय, गाडी नको. बैलच बरे."

"बरं."

"नागपूरबी नको. मी आता चाक हातात धरत नाई. तठी माह्या पुढची लारी उडाली, मांगची उडाली, तरी माहे हात असे हालले नाईत." त्यानं वर पाहिलं. "तठी तू बाजूले नव्हती."

रुखमाबाईला जे पाहिजे होतं ते सारं त्यानं तिच्या ओटीत टाकलं होतं. मोटार नको, नागपूर नको, पोरगं घरी, बैलांपाशी. पारावर मागितलेली भीती देवानं घातली होती. थोडीशी मागितली होती. त्या भोळ्यानं माप पाहिलं नव्हतं. तिनं आनंद व्हायची वाट पाहिली. झाला नाही. तिला फक्त ते दोन हात दिसत होते. ह्याच हातांनी तो शाळेत जायच्या वयात नांगराचं रुमणं धरायचा. आता ते मांडीखाली दडपून बसले होते, मार खाल्ल्या जनावरासारखे.

घाटाखाली बैलाची आणखी एक रीत आहे, आणि ती गुळाइतकी भोळी नाही. उतारावर घाबरलेला बैल त्याच दिवशी, त्याच उतारावर पुन्हा जुंपावा लागतो. रात्र जाऊ द्यायची नाही. एकदा का भीती गोठ्यात मुक्कामाला आली, की तो बैल जन्मात जुवाला मान देत नाही. मग तो दावणीला उभा राहून कडबा खातो आणि एक दिवस बाजारात जातो. तिनं असे बैल पाहिले होते. अशी माणसंही पाहिली होती. खरं तर ती स्वतःच तशी होती, म्हणून तर नाल्यातसुद्धा आडवी होऊन उतरायची.

"मिस्तरीभाऊ," ती म्हणाली, "पोती छोटीवर चढोवा. पेलतीन तेवढी."

"आज? बाई, आज ऱ्हाऊ द्या. मी चालवून नेतो खाली."

"तुमी नाई. हा."

रंगराव उठलाच नाही. "माय, मी नाई म्हनलं ना."

"आयकलं. ऊठ."

"तुले समजत काऊन नाई? माह्यानं होनार नाई."

"माह्यानंबी होनार नाई," ती म्हणाली. "माहे पाय पाह्य बरं. उभं राहवून नाई राह्यलं. मुतायले आली मले भीतीनं. तरी मी बसनार हाये तुह्या बाजूले. मंग?"

पुंजाजी मागून म्हणाला, "वयनी, मी पायी आलो तं चालन का?"

"तुमी मांगं बसा. पोत्यांले धरून."

आमचे बुवा कीर्तनात सांगत, भिणाऱ्याची भीती देव काढून घेत नाही. तेवढी सत्ता त्यानं स्वतःकडं ठेवलीच नाही. तो फक्त येऊन शेजारी बसतो, जागा अरुंद असली तरी. ते ऐकताना माना डोलवणारे पुष्कळ. अरुंद जागेवर प्रत्यक्ष अंग चोरून बसणारी ही एक मी पाहिली.

रंगराव चाकामागं बसला. हात चाकावर ठेवले तेव्हा कापरं चाकात उतरलं. मिस्तरी दाराच्या पायरीवर बाहेरून उभा राहिला.

"घे," रुखमाबाई म्हणाली.

गाडी हलली. दहा हात गेली असेल नसेल.

"थांब."

त्यानं पाय दाबला. थांबली.

"बंद कर."

"अठी? उतारावर?"

"ओंडका सोडल्याशिवाय बैल कळते का?"

त्यानं इंजिन बंद केलं. ती मुकी शांतता पुन्हा आली. रुखमाबाई चाकांकडं कान लावून बसली. मुरूम वाजला नाही. झाडं जागची हलली नाहीत.

"घे."

पुढं वळणाच्या तोंडाशी पुन्हा, "थांब." थांबली. पुन्हा, "घे." उकंडरावाच्या वळणावर तिनं डोळे मिटले नाहीत. दरीत पाहिलं. खाली नुसती झाडं होती, हिरवीगार, पावसानं माजलेली. "थांब," ती म्हणाली, आणि गाडी तिथंही थांबली. रंगराव समोर पाहत होता, त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं पदरानं पुसलं.

"घे, बापा."

असं थांबत, घेत, थांबत त्यांनी घाट उतरला. मागून एक सर्व्हिस मोटर आली, भोंगे वाजवून थकली. पुंजाजी पोत्यांवरून तिच्या ड्रायवरला ओरडला, "घाई असन तं वरून उडून जा बे. आमची पारख चालू हाये." शेवटच्या दोन वळणांवर रुखमाबाई थांब म्हणायची विसरली. रंगराव आपणच थांबला, आपणच निघाला.

राजूरच्या पाण्याच्या हौदापाशी गाडी सपाटीला लागली. रुखमाबाई उतरली, दोन पावलं चालली, आणि सडकेच्या कडेला बसून ओकली. सकाळची भाकर, पाणी, सगळं. रंगरावानं खाली येऊन तिचं कपाळ धरलं. त्याचे हात गरम होते; कापत होते, पण धरून होते. मिस्तरीनं हौदातून पाणी आणलं. तिनं चूळ भरली, तोंड धुतलं, पदर सावरला.

"तं मंग, बाई?" मिस्तरीनं हळूच विचारलं. "काय ठरलं?"

पुंजाजीनं तोंड उघडलं होतं, बहुतेक खेकड्याचंच काही निघणार होतं. रुखमाबाईनं हातानंच त्याला गप्प केलं. ती गाडीकडं पाहत होती. भिजल्या उंदराच्या रंगाची, धुळीनं माखलेली, चाकांतून कढत वास येणारी ती बुटकी गाडी भर उन्हात उभी होती.

"तिले उनात काऊन उभी केली रे?" ती लेकावर खेकसली. "घाट उतरून आली ते. त्या निंबाखाली घे."

रंगराव उठला. चाकामागं बसला.

"अन् हळू घे," ती म्हणाली. "मी येतो तठवर पायी."